जंतूची वंशावळ

हेळवी वॉर्डात आला आणि पंधरा दिवसांच्या आत माणसं एकमेकांच्या हातांकडे बघायला लागली.

हेळवी हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हतं. बनवणाऱ्यांनी त्याला काही अक्षरं आणि आकडे दिले होते, ते कुणाच्याच लक्षात राहत नसत. मिरजेच्या त्या रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, आक्काताई भंडारे या सगळ्यांत जुन्या मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. "आमच्या गावाकडं हेळवी यायचा बघा, बैलावर बसून. चोपडी उघडली की तुमचा खापरपणजा कोण, कुठनं आला, कुणाचा कोण लागतो, समदं धडाधडा वाचायचा. ह्यो त्यातलाच दिसतोय."

नाव नेमकं बसलं. यंत्र तेच काम करत होतं, फक्त माणसांऐवजी जंतूंचं. एका जंतूचे दोन होतात तेव्हा त्याला आपल्या पोटातला सगळा मजकूर नकलून काढावा लागतो. भाजलेल्या जखमांत सापडणाऱ्या जंतूच्या मजकुरात त्रेसष्ट लाख अक्षरं असतात. इतकं नकलताना कधीतरी एखादं अक्षर चुकतंच, आणि चुकलं की ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. दोन रुग्णांच्या जखमांतले जंतू वाचायचे आणि चुका जुळवायच्या. बहुतेक चुका सारख्या निघाल्या तर जंतू एकाच घरचे. कोण कुणापासून फुटला आणि साधारण केव्हा फुटला, हेही त्यावरून कळतं. पूर्वी या कामाला आठवडे लागत. हेळवी चाळीस मिनिटांत कागद हातात द्यायचा.

"आता संसर्ग कुठून आला यावर वाद उरणार नाही," असं अधीक्षक उद्घाटनाच्या दिवशी म्हणाले होते. वाद उरला नाही हे खरं. त्याच्या जागी संशय आला.

वैजयंता खरमाटे त्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. वय अठ्ठेचाळीस, त्यातली बावीस वर्षं भाजलेल्यांच्या सेवेत. तिच्या वॉर्डात कुणाचं नख वाढलेलं तिला दारातूनच दिसायचं. शिकाऊ मुली तिला घाबरायच्या आणि रुग्णांचे नातेवाईक तिच्यावर विसंबायचे. दिवसभर तिच्या कानातल्या इअरपीसमध्ये काहीबाही पुटपुटत असे, सहा नंबरचं सलाईन संपलं, नऊ नंबरला ताप चढला. ती एका बोटाने बटण दाबून "आले" म्हणायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची.

त्या उन्हाळ्यात वॉर्डात स्युडोमोनास शिरला. हा जंतू नळाच्या तोंडाशी, ओल्या फडक्यात, कुंडीतल्या मातीत, कुठेही सुखाने राहतो. धडधाकट माणसाच्या तो सहसा वाटेला जात नाही. माणूस खचला, कातडी गेली, प्रतिकार संपला की मात्र आत घुसतो. म्हणून डॉक्टरांच्या भाषेत तो संधिसाधू. पहिल्यांदा तो मालगावच्या एका मुलीच्या पायावर दिसला. चहा सांडून भाजलेली थोडीशी जखम होती, ती बरी होऊन घरी गेली. दुसरे मारुती खोत, एकाहत्तर वर्षांचे, मधुमेही, बंबाच्या पाण्याने दोन्ही पाय पोळलेले. त्यांच्या पट्टीवर हिरवट डाग आणि तो गोडसर वास आला आणि अकराव्या दिवशी ते गेले. तिसरा दस्तगीर शिकलगार.

दस्तगीर सत्तावीस वर्षांचा. सतारी बनवणाऱ्या एका कारखान्यात लाख आणि स्पिरिटचं पॉलिश करायचा. स्पिरिटच्या डब्याला आग लागली तेव्हा पळून जाण्याऐवजी तो वाळत घातलेल्या सतारी बाहेर काढायला आत गेला. दोन्ही हात, छाती आणि मान भाजली होती. त्याच्या जखमेतल्या जंतूवर अकरा औषधं लावून पाहिली. अकराही वाया गेली.

तिघांचे जंतू हेळवीने वाचले आणि कागद बाहेर आला. तिघांचा जंतू एकाच घरचा होता. पण एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला नव्हता. तिघांकडे तो वेगवेगळ्या वेळी, कुठल्यातरी चौथ्या ठिकाणाहून आला होता. त्या चौथ्या जागी यंत्राने तुटक रेघांचं वर्तुळ काढलं होतं आणि खाली छापलं होतं, 'अज्ञात स्रोत. वॉर्डात शिरकाव: अंदाजे चार महिन्यांपूर्वी. बहुधा मनुष्य.'

ते 'बहुधा मनुष्य' सगळ्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. कारण दोन वर्षांपूर्वी नवा कायदा झाला होता. संसर्ग कुणापासून आला हे कळलं की त्या माणसाचं नाव रुग्णाच्या घरच्यांना लेखी द्यायचं, आणि चौकशी संपेपर्यंत त्या माणसाने रुग्णाला हात लावायचा नाही. ज्यांच्यामुळे कुणी दगावलं त्यांची नोंदणी जाऊ शकत होती.

जेवणाच्या सुट्टीत डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडू लागले. कुणी शिंकलं तर बोलणं थांबायचं. दस्तगीरची बायको तरन्नुम खाटेपाशी स्टूल टाकून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाने कशाकशाला हात लावला ते मोबाईलवर टिपून ठेवायची. वैजयंताही बघत होती. नवीन डॉक्टर घड्याळ काढत नाही. रात्रपाळीची सिस्टर गेल्या महिन्यात आजारी होती. आणि आक्काताईंच्या हातांना भेगा आहेत.

शेवटी चौतीस जणांचे स्वॅब घेतले, हात, नाक आणि घसा. तेहतीस कोरे निघाले. चौतिसावा आक्काताईंच्या उजव्या हाताचा होता. फिनेल आणि साबणाने तळवा फाटला होता, त्या भेगांत तोच जंतू सापडला.

तासाभरात त्यांना घरी बसवण्याचा कागद आला. त्यावर इन्चार्जची सही लागत होती. वैजयंताने केली. करताना तिला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं तिला पुढे फार दिवस छळणार होतं.

आक्काताई पिशवीत डबा भरत होत्या. "सिस्टर, तुमीबी सही केलीसा?"

"नियम आहे, आक्काताई. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"चौदा वर्सं झाली मला हितं."

"माहीत आहे."

आक्काताईंनी तिच्याकडे पाहिलं. पण चेहऱ्याकडे नाही. चेहऱ्याच्या किंचित बाजूला, कुठेतरी डावीकडे. काही बोलायला ओठ हलले, मग त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉ. सन्मती चौगुले यांनी वैजयंताला प्रयोगशाळेत बोलावलं. सन्मती रुग्णालयाची जंतुतज्ज्ञ, पस्तिशीची, भराभर बोलणारी. तिने पडद्यावर वंशावळ उघडली. "सिस्टर, हे बघा. तिघा रुग्णांचे जंतू म्हणजे या तीन फांद्या. आणि मावशींचा जंतू कुठे आहे? इथे, दस्तगीरच्या फांदीच्या अगदी शेंड्यावर. म्हणजे मावशींकडून दस्तगीरला गेला नाही, दस्तगीरला धुता-पुसताना मावशींना लागला. त्यांच्याकडे तो जेमतेम तीन आठवडे आहे."

"मग त्यांना काढलं कशाला?"

"मी वर लेखी कळवलंय. उत्तर आलं, सापडलेला एकच स्रोत आहे, दुसरा दाखवा." सन्मतीने डोळे चोळले. "पण मला वेगळीच घाई आहे. दस्तगीरकडे फार तर दहा दिवस आहेत. आता एकच रस्ता उरलाय, फाज."

फाज म्हणजे फक्त जंतूंना खाणारे विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत. जंतूच्या अंगावर ठरावीक जागी चिकटतात, आत शिरतात, आतल्या आत शंभर होतात आणि जंतूला फोडून बाहेर पडतात. रुग्णालयाच्या बँकेत असे दोनशे बारा फाज होते. सन्मतीने सगळे लावून पाहिले होते. शिवाय गटाराच्या पाण्यात शोधलं, नदीच्या पाण्यात शोधलं. एकही चिकटत नव्हता.

"या जंतूचं कवचच वेगळं झालंय," ती म्हणाली. "अशी वेगळी कवचं तेव्हाच होतात जेव्हा जंतू एकाच माणसात वर्षानुवर्षं राहतो. दहा-वीस वर्षं. आणि इतकी वर्षं जिथे जंतू राहतो, तिथे बहुतेक वेळा त्याला खाणारा फाजही राहत असतो. दोघं एकमेकांना पुरून उरत बदलत जातात. म्हणून मला तो मूळ माणूस हवाय. कुणाला दोषी ठरवायला नाही. त्याच्याकडे औषध असण्याची शक्यता आहे."

"वीस वर्षं राहिला तर त्या माणसाला कळणार नाही?"

"सवय होते हो. जुना सायनस, नखाचा जुना आजार, वाहणारा कान. माणूस थेंब घालतो आणि विसरतो."

वैजयंताने मान हलवली आणि ती वॉर्डात परतली. कॉरिडॉरमध्ये इअरपीस पुटपुटला. तिने बोट वर नेलं, आणि ते तिथेच थांबलं.

तिचा डावा कान ती पाचवीत असल्यापासून वाहायचा. पडद्याला भोक होतं. ऑपरेशन करून घे म्हणून सांगणारे डॉक्टर निवृत्त झाले, आणि कान मात्र दरवर्षी दोन महिने ओला, दहा महिने बरा, असा चालत राहिला. नोकरीला लागताना तिने तपासणीच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं. आत कापूस, वर टोपी, त्यामुळे कुणाला दिसायचं कारण नव्हतं. बावीस वर्षांत तिच्या हातून कुणाला काही झालं नव्हतं, कारण ड्रेसिंग करताना ती कधी कानाला हात लावत नव्हती. इअरपीस येईपर्यंत. उजवा हात कामात असायचा, म्हणून तो तिने डाव्या कानावर लावला होता.

इअरपीस कधी आले ते तिने आठवून पाहिलं. चार महिन्यांपूर्वी.

असं कळल्यावर आपण काय करू हे तिला स्वतःलाच आधी सांगता आलं नसतं. तिने केलं ते असं. दुपारी तीनला पाळी बदलते तेव्हा यंत्राच्या खोलीत कुणी नसतं. तिने कानाचा स्वॅब घेतला, रिकाम्या असलेल्या बारा नंबरच्या खाटेचा क्रमांक टाकला आणि नळी हेळवीत ठेवली. चाळीस मिनिटं ती दाराकडे पाठ करून उभी राहिली. आक्काताईंना, डॉक्टरांना, शिकाऊ पोरींना आपण गेले दोन आठवडे ज्या नजरेने पाहत होतो, ती नजर आता आपल्या पाठीवर आहे असं तिला वाटत राहिलं.

कागद आला. त्यावर एक झाड होतं, जाड खोडाचं, दाट फांद्यांचं. तिन्ही रुग्णांच्या फांद्या त्या खोडातून निघाल्या होत्या. तुटक वर्तुळ गेलं होतं. त्या जागी लिहिलं होतं, 'खाट क्र. १२.'

संध्याकाळी तिने प्रल्हादला सांगितलं. प्रल्हाद तिचा नवरा, हायस्कुलात भूगोल शिकवणारा, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग दोन आठवडे रजा टाक. थेंब घाल. कान कोरडा झाला की शोधणार काय? बारा नंबर म्हणजे यंत्राची चूक म्हणतील."

"आणि आक्काताई?"

"त्या सुटतीलच. डॉक्टरबाईंनीच लिहून दिलंय ना."

"तो पोरगा मरेल, प्रल्हाद."

"तू आधी मारलंयस का कुणाला, असं विचारतील. आणि आपली केतकी पुढच्या वर्षी नर्सिंगला जाते आहे. तिच्या नावामागे तुझं नाव लागणार." हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की हा आपल्या बाजूने बोलतोय की आपल्यापासून अंतर ठेवून, हे कळत नाही.

थेंबांची बाटली कपाटात होती. साध्या आम्लाचे थेंब होते ते, अकरा औषधांना न जुमानणारा जंतूही त्यांनी पाच दिवसांत दिसेनासा होणार. जंतू मेला की त्याच्यावर जगणारा फाजही संपणार. तिने बाटली उघडून हुंगली, झाकण लावलं आणि ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. प्रल्हादने ते पाहिलं.

सकाळी नऊला ती सन्मतीसमोर उभी राहिली. "बारा नंबरची खाट मी आहे."

सन्मतीने आधी तिच्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं. "सिस्टर, हे आपण दोघींत ठेवलं आणि नमुना मी निनावी म्हणून..."

"निनावी ठेवलं तर आक्काताईंच्या नावावरच राहील. कान तपासा आधी."

फाज सापडला. तिसऱ्या दिवशी काचेच्या ताटलीत जंतूंचा दुधट थर पसरला होता आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढी स्वच्छ भोकं पडली होती. प्रत्येक भोक म्हणजे फाजने खाऊन मोकळी केलेली जागा. सन्मतीच्या डोळ्यांत पाणी आलं. वैजयंताने मात्र ताटलीकडे नुसतं पाहिलं. एवढी वर्षं दोघंही आपल्यात राहत होते, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

औषध शुद्ध करून तयार व्हायला आणखी दोन दिवस लागले. आता घरच्यांची संमती हवी होती, आणि संमतीच्या कागदावर कायद्याने स्रोताचं नाव लिहावं लागत होतं. वैजयंताने तरन्नुमला ते स्वतः सांगितलं. वॉर्डाबाहेर, काचेपलीकडे उभं राहून, कारण आत जायला आता तिला बंदी होती.

तरन्नुमने मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे तुमच्याकडनं लागलं त्यांना."

"हो."

"आणि औषध पण तुमच्याच कानातलं."

"हो."

"मी रोज लिहून ठेवत होते, सिस्टर. सगळ्यांचं. तुमचं सोडून." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "हे तुम्ही स्वतःला वाचवायला करत नाही कशावरून? मेले तर औषधानं मेले म्हणाल, तुमच्यामुळं नाही."

शेजारी उभ्या असलेल्या सन्मतीने ताटली दाखवली, आकडे दाखवले. तरन्नुम ऐकत होती आणि मान हलवत नव्हती. शेवटी म्हणाली, "मावशींना आणा. त्यांना घालवलंत तेव्हा ह्यांनी दोन दिवस पाणी पण नीट घेतलं नाही. मावशी म्हणतील तर सही करते. तुमच्यापैकी कुणाचं मला खरं वाटत नाही."

आक्काताई गुंठेवारीच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत राहत. वैजयंता गेली तेव्हा त्या दारात बसून तळव्याला खोबरेल चोळत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"मला ठावं हुतं," आक्काताई म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा हात कानाला जातोय ते. मोजे घातलेल्या हातानं. खोतकाकांची पट्टी करताना बघितलं, दस्तगीरची करताना बघितलं. कापूस बदलतासा ते बी बघितलंय. केर मीच काढती न्हवं?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? साहेबास्नी? मावशी म्हणती सिस्टरचा कान घाण हाय, आसं?" त्या हसल्या, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "आन तुमाला म्हणलं आसतं तर तुमी मला काय म्हणला आसता, ते तुमीच सांगा."

वैजयंताने प्रामाणिकपणे विचार केला. "ओरडले असते."

"मग." आक्काताईंनी तेलाची वाटी बाजूला सारली. "त्या दिवशी सही केलीसा तवा तोंडात आलं हुतं. गिळलं. आता वाटतंय, बोलाय पाहिजे हुतं. खोतकाकांच्या वेळंलाच बोलाय पाहिजे हुतं. त्यातलं थोडं माज्याबी माथ्यावर हाय." त्या उठल्या, आतून लुगडं बदलून आल्या. "चला. तुमच्यासाठी येत न्हाई म्या."

वॉर्डाच्या दाराशी आक्काताईंनी तरन्नुमचा हात धरला आणि सरळ सांगितलं, "सिस्टर लई सत्यवान हाईत म्हणून न्हाई. पर आता खोटं बोलून त्यास्नी काय बी मिळायचं न्हाई. जे जायचं ते गेलंच. म्हणून म्हणती, सही कर."

तरन्नुमने सही केली.

पहिले दोन दिवस जखमांवर फवारा आणि शिरेतून औषध. दस्तगीरचा ताप उतरला, जंतूंची संख्या हजारांमागे एकावर आली. तिसऱ्या दिवशी ती परत चढली. सन्मतीने फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज विचित्र होता, घाबरलेला नव्हता. "काही जंतू फाजला चुकवून निसटलेत. पण निसटायला त्यांनी काय केलं माहिती आहे? हा फाज जिथे चिकटतो तो जंतूचा पंप आहे. आपण दिलेलं औषध जंतू त्याच पंपाने बाहेर फेकत होता. फाजपासून वाचायला त्यांनी पंपच टाकून दिला. आता औषध आत गेलं की आतच राहणार."

अकरा औषधांपैकी सगळ्यांत जुनं, वॉर्डात कुणी हातात घेत नव्हतं ते, पुन्हा सुरू केलं. आठ दिवसांत जखम गुलाबी दिसू लागली. दस्तगीर वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. तो आता पॉलिश करत नाही, तारा सुरात जुळवायच्या बाकावर बसतो.

आक्काताईंना कामावर परत घेतलं, लेखी दिलगिरी व्यक्त करून. त्यांनी तो कागद वाचून घेतला, घडी करून पिशवीत टाकला आणि वॉर्ड बदलून मागितला. स्वॅबच्या यादीत कान वाढला. वैजयंताची नोंदणी वर्षभरासाठी थांबवली. तिने कानाचं ऑपरेशन करून घेतलं. प्रल्हाद रुग्णालयात तीन दिवस तिच्या उशाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितलं की केतकीने फॉर्ममध्ये आईचा व्यवसाय 'परिचारिका' असाच लिहिलाय, त्याला न विचारता.

खोतांच्या घरी मात्र पत्र कायद्याप्रमाणे गेलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांची मुलगी शालन भोसे गावाहून आली. चाळिशीची, शेतातून तशीच उठून आल्यासारखी. वैजयंताने दार उघडलं आणि तिच्या हातातला लिफाफा ओळखला. मनात आलं, बाहेर आणखी कोण उभं आहे? पण ती एकटीच होती.

"पत्रात नुसतं 'संसर्ग' लिहिलंय," शालन म्हणाली. "माझ्या बापाला नेमकं काय झालं ते मला तुमच्या तोंडून पाहिजे."

वैजयंताने तिला आत बसवलं. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"सकाळी नऊचं ड्रेसिंग होतं," वैजयंता म्हणाली. "ते कुंडलच्या मैदानातल्या कुस्तीचं सांगत होते. मध्ये माझ्या कानात दुसऱ्या खाटेचा निरोप आला. मी बोटाने बटण दाबलं, हो म्हणाले, आणि हातमोजा न बदलता त्याच बोटाने त्यांच्या गुडघ्यावरची पट्टी सरळ केली. त्याच दिवशी लागलं हे यंत्रालाही सांगता येत नाही. पण मला वाटतं तोच दिवस."

शालनने हातातला लिफाफा मांडीवर पालथा ठेवला.

"कुस्तीचं काय सांगत होते?"

"की पंच चुकला. पाठ टेकलीच नव्हती."

शालनच्या ओठांचा कोपरा हलला. "चाळीस वर्सं तेच सांगत होते." मग तिने चेहरा पुसला. "तक्रार मी करणार आहे."

"करा."

"मला वाटलं, दारातच माफी मागाल."

"मागितली असती तर तुम्हाला वाटलं असतं, तक्रार करू नये म्हणून मागते आहे."

शालनने लिफाफा पिशवीत टाकला आणि उठली. दारात चपला घालता घालता तिने वळून पाहिलं.

"मागा," ती म्हणाली. "तक्रार मी तरीही करीन."

तेव्हा वैजयंताने मागितली.